नाखव्याची ओळ

बंदर कचेरीत रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी मी एका शब्दापायी बोलणी खाल्ली.

मी कट्टा गावच्या शेतकऱ्याच्या घरातला. भात, काजू आणि आंब्याची चार कलमं एवढंच आमचं जग. मालवणात जत्रेला आलो की समुद्र लांबून पाहायचा आणि परत फिरायचं. मॅट्रिक झाल्यावर अर्ज केला, आणि ज्याला पोहताही येत नव्हतं त्याला सरकारनं बंदरावर कारकून नेमलं. टेबलाशी बसतो न बसतो तोच एक छापील फॉर्म पुढ्यात आला. माल भरून बंदर सोडणाऱ्या प्रत्येक गलबताला तो भरावा लागे. पहिली ओळ गलबताच्या नावाची, दुसरी मालकाची, तिसरी नुसतीच ‘नाखवा’, आणि खाली खलाशांची यादी. समोर उघड्या अंगाचा, खांद्यावर पंचा टाकलेला एक दणकट माणूस उभा होता. मी त्याला विचारलं, “कॅप्टन कोण?”

“हय फौज इली काय रे?” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. “कॅप्टन फौजेत आसता. गलबतार नाखवो आसता. छापलेला दिसता मां? मगे छापलेला वाच!”

ते आमचे हेडक्लार्क. उंच, शिडशिडीत, बारा महिने काळा कोट, आणि चष्म्याच्या एका काडीऐवजी कानाला गुंडाळलेला दोरा. सगळं बंदर त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणू लागलो. बोलणी देऊन झाल्यावर ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. बाहेर तीन गलबतं कागदांसाठी खोळंबली होती. भाऊंना त्याचं काही नव्हतं.

“नाव म्हणजे होडी. आपल्या संस्कृतातली नौ, तीच ती. आणि खुदा म्हणजे?”

“देव,” मी म्हटलं.

“धनी! देव मागसून. आधी धनी. नावेचो धनी तो नाखुदा. ह्यो फारसी शब्द. बोलता बोलता घासलो, गुळगुळीत झालो, आणि आमच्याकडे नाखवो म्हणान ऱ्हवलो. समाजला?”

मला समजलं. पंचा टाकलेल्या त्या माणसालाही समजलं. तो थोडा विचार करून म्हणाला, “भाऊ, म्हणजे मी खुदा? माझ्या बायलेक सांगू नकात हां. हसान हसान मरात.”

तो माणूस बंदरातला सगळ्यांत जाणता तांडेल. आमच्या किनाऱ्यावर गलबत चालवणाऱ्या मुख्य माणसाला सगळे तांडेलच म्हणत. ‘नाखवा’ हा शब्द वरच्या बाजूला, मुंबईकडे जास्त. आमच्याकडे तो फॉर्मवर छापलेला, आणि भाऊंच्या तोंडी. पण प्रत्येक तांडेलाला ठाऊक होतं की ती तिसरी ओळ आपली. तिथे आपलं नाव घातलं जातं, आपण अंगठा उठवायचा, आणि मग गलबत आपलं.

भाऊ फारसी कुठे शिकले याच्या तीन हकिकती ते स्वतःच सांगत. त्यांतली खरी बहुधा ही, की तरुणपणी मुंबईत दोरखंड विकणाऱ्या एका दुकानात ते नोकरीला होते आणि दुकानावरच्या माडीत एक म्हातारे मौलवी राहत. भाऊ त्यांना खालच्या विहिरीचं पाणी भरून देत, मौलवी बदल्यात शब्द देत. दोन वर्षांत भाऊंना जेमतेम वाचता येऊ लागलं, पण शब्दांची चटक लागली ती कायमची.

शब्द ते टोपीत ठेवत. ही थट्टा नव्हे. बंदरावर गुजरातचा, कच्छचा, मंगळूरचा, मलबारचा कुणीही खलाशी उतरला की भाऊ त्याला गाठत, “तुमच्याकडे गलबताच्या मुख्याक काय म्हणतत?” असं विचारत, आणि उत्तर कागदाच्या कपट्यावर टिपून टोपीच्या आत खोचत. देवळात टोपी काढली की गाभाऱ्यासमोर कपट्यांचा पाऊस पडे, आणि पुजारी फुलांबरोबर शब्दही गोळा करी. सारंग म्हणजे मूळचा फौजेतला सरदार, तो समुद्रावर कसा आला. सुकाणू अरबांचं, मग ते धरणारा सुकाणी आपला कसा. असं त्यांचं चाले. तांडेल या शब्दावर तर त्यांनी एका मलबारी खलाशाशी तीन दिवस वाद घातला. भाऊंचं म्हणणं, तांड्याचा पुढारी तो तांडेल. खलाशी म्हणे, आमच्याकडे वल्ह्याला तंडू म्हणतात, शब्द आमचा. चौथ्या दिवशी त्याचं गलबत सुटलं तेव्हा भाऊ धक्क्यावर उभे राहून ओरडत होते, “परत येशीत तेव्हा सांगान!” तो गलबतावरून वल्हं उंच धरून दाखवत होता. भाऊ परत आले आणि मला म्हणाले, “माणूस बरो आसा. हट्टी, पण बरो.”

त्यांच्या घरी मी रविवारी जेवायला जात असे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, गोल चेहऱ्याच्या, सतत हसऱ्या. त्या मला म्हणाल्या होत्या, “ह्यांका ताटात बांगडो वाढलो तर आधी बांगड्याक बांगडो कित्या म्हणतत तां सांगतले, मगे जेवतले. तवसर मांजर बांगडो घेवन जाता.” भाऊ मान डोलवून म्हणत, “खरा आसा. तीनदा गेलो.”

आणि इतकं सगळं असून हा माणूस समुद्रात पाय घालत नसे. गलबताच्या दोरीदोरीचं नाव ठाऊक, पण पाणी हलताना दिसलं की दोन पावलं मागे सरत. एकदा वहिनींच्या हट्टाखातर समोर समुद्रातल्या किल्ल्यात देवदर्शनाला जायचं ठरलं. धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत होडीनं जेमतेम पाव तास लागतो, हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. तेवढ्या वेळात भाऊंनी डोळे मिटून, काठ घट्ट धरून, होडीच्या सगळ्या भागांची नावं स्तोत्रासारखी म्हटली. नावं संपली, किनारा आला नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. होडीवाला म्हणाला, “भाऊ, इतक्या माका पण येणा नाय.”

आता शेटची हकिकत सांगतो.

शेट म्हणजे बाजारपेठेतले नारळ-काथ्याचे एक व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण मोठेपणाची हौस दांडगी. त्यांनी जुन्या मालकाकडून एक फत्तेमारी विकत घेतली; दोन डोलकाठ्यांचं, माल वाहणारं मोठं गलबत. आमचा तो जाणता तांडेल गेली कित्येक वर्षं तीच फत्तेमारी चालवत होता. गलबताबरोबर तोही शेटकडे आला. शेट एकदा कचेरीत बसले असताना भाऊंनी त्यांना नाखुदाची सगळी कथा ऐकवली. नावेचा धनी! शेटना तो शब्द फार आवडला. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात गिऱ्हाइकाला सांगू लागले, “आमी आता नुसते शेट नाय, नाखवो.”

भाऊंना केवढा आनंद! वीस वर्षं ते शब्द वाटत होते, आणि पहिल्यांदाच कुणीतरी हात पुढे करून एक घेतला होता.

मग वैशाख संपता संपता शेट फत्तेमारीचा फॉर्म भरायला आले. मुंबईला नारळ आणि काथ्या जायचा होता, आणि ते स्वतः बरोबर जाणार होते. मालकाच्या ओळीत मी त्यांचं नाव लिहिलं. तिसऱ्या ओळीशी त्यांनी माझा हात धरला. “हय पण माझाच.”

मी भाऊंकडे पाहिलं. तांडेल शेटच्या मागे उभा होता. भाऊ हसत म्हणाले, “लिव रे. शब्दाच्या अर्थान बरोबरच आसा.”

मी लिहिलं. शेटनी खाली ऐसपैस सही ठोकली. तांडेलाचं नाव खलाशांच्या यादीत पहिलं टाकलं. रिवाजाप्रमाणे मी सगळा फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला. आपलं नाव यादीत ऐकल्यावर तांडेल हळूच म्हणाला, “भाऊ, माका खलाशी केलात?”

भाऊंचं हसू तिथेच थांबलं. पण शाई वाळली होती, शेट घाईत होते, आणि फॉर्म गेला.

त्या दुपारी वारा दक्षिणेकडून फिरला. पावसाळ्याआधी तो असा फिरला की जाणता माणूस बंदर सोडत नाही. मालवणचं तोंड खडकांचं आहे. पुढे तांडेलानं सांगितलं ते असं: तो शेटना म्हणाला, “शेट, आज नको. लाट बघा कशी फुगता. दोन दिवस थांबाया.” शेट म्हणाले, “नाखवो कोण? मी मां? मगे मी सांगतंय. शीड चढव.”

शीड चढलं. फत्तेमारी खडकांमधल्या वाटेवर आली आणि एका मोठ्या लाटेनं तिला उचलून बाजूच्या खडकावर ठेवलं. खालची फळी फुटली. माणूस एकही दगावला नाही. शेटना पोहता येत नव्हतं; तांडेलानं त्यांना पाठुंगळीला घेऊन किनाऱ्याला आणलं. त्यांच्या मागून किनाऱ्याला आले ते नारळ. हजारोंनी! बंदरापासून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत सगळ्या वाळूत नारळच नारळ. अख्खं गाव टोपल्या घेऊन धावलं, आणि पुढचे पंधरा दिवस मालवणात खोबरं नसलेला पदार्थ कुणी खाल्ला नाही. वहिनींनी चार नारळ आणले, आणि भाऊंनी ते तसेच शेटच्या दुकानात परत नेऊन दिले. परत देणारे ते एकटेच.

शेटनी मात्र आठवडाभरात अर्ज केला: तांडेलाच्या चुकीनं गलबत गेलं, त्याचा परवाना काढून घ्यावा. ज्याच्या पाठीवरून ते जिवंत किनाऱ्याला आले त्याच माणसाविरुद्ध. परवाना गेला असता तर या वयात तांडेलाला दुसऱ्याच्या हाताखाली दोऱ्या ओढाव्या लागल्या असत्या.

चौकशीला रत्नागिरीहून साहेब आले. आमच्याच कचेरीत टेबलं जोडून चौकशी झाली. खिडक्यांतून निम्मं बंदर आत डोकावत होतं. तांडेलानं घडलं ते सांगितलं. शेट म्हणाले, असं मी काही बोललोच नाही. पाच खलाशी शेटच्याच पगारावर. ते जमिनीकडे बघत राहिले. साहेबांनी फॉर्म उचलला.

“इथे नाखवा म्हणून तुमचं नाव आहे, शेट. सही तुमची आहे.”

“होय साहेब,” शेट अगदी तयारीनं आले होते. “नाखवा म्हणजे मालक. नावेचा धनी. मूळ फारसी शब्द नाखुदा. मला हे इथल्या हेडक्लार्कांनीच सांगितलं. त्यांनाच विचारा ना! मी मालक म्हणून सही केली. गलबत चालवणं काम तांडेलाचं.”

सगळ्या कचेरीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ उभे राहिले. चेहरा पांढराफटक. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

“तुम्ही असं सांगितलंत?” साहेबांनी विचारलं.

“सांगितलं,” भाऊ म्हणाले. एरवी कचेरीतही मालवणी बोलणारा हा माणूस त्या दिवशी पुस्तकासारखं बोलत होता. “शेट बोलले त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. नाखुदा म्हणजे नावेचा धनी. मी आज काही वेगळं सांगितलं तर ते खोटं होईल.”

शेटनी उपरणं सारखं केलं. तांडेलानं डोळे मिटले. मला भाऊंचा संताप आला. एक शब्द वाकवला असता तर काय बिघडलं असतं?

“पण साहेब,” भाऊ म्हणाले, “हा फॉर्म फारसी नाही.”

“म्हणजे?”

“शब्द जन्मला कुठे ते मी सांगितलं. तो आज राहतो कुठे ते मला विचारू नका, ह्यांना विचारा.” त्यांनी कपाटं उघडली आणि जुने फॉर्म काढून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. मी मदतीला उठलो. गठ्ठ्यावर गठ्ठा, वीस वर्षांचे. धुळीनं साहेबांना शिंका आल्या. “कुठलाही उघडा. मालकाची ओळ वेगळी आहे, दुसरी. तिथे मालक आहे. तिसऱ्या ओळीत एकदा तरी मालक सापडतो का पाहा. तिथे शीड कधी चढवायचं आणि कधी उतरवायचं हे ठरवणारा माणूस आहे. प्रत्येक वेळी. ह्या बंदरात नाखवा म्हणजे तोच. मुळात तो कुणीही असो.”

साहेबांनी एक उघडला. मग दुसरा. मग मधूनच काढून पाच-सहा.

“मग ह्या एका फॉर्मवर मालकाचं नाव कसं आलं?”

“माझ्यामुळे,” भाऊ म्हणाले. “शेटना गलबताची पुढची नाळ कुठली आणि मागची पिछाडी कुठली हे सांगता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहू दिलं. मला माझ्या शब्दाचं कौतुक वाटलं. ज्याची ओळ त्याला मी खलाशांत टाकला. ही चूक माझी आहे, ती तशी लिहून घ्या. पण शेटनी ती ओळ हौसेनं मागून घेतली, तेव्हा ओळीबरोबर जे येतं तेही त्यांचंच.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग जमिनीकडे बघणाऱ्या पाच खलाशांतला सगळ्यांत म्हातारा पुढे आला. “साहेब,” तो म्हणाला, “शेटनीच शीड चढव म्हटल्यानी. तांडेल नको नको म्हणा होतो. मी आयकलंय.” त्याच्या मागून दुसरा म्हणाला, “मी पण.” मग बाकीचे तिघंही.

शेट खुर्चीत बसले. त्यांनी कपाळ पुसलं आणि तांडेलाकडे बघून म्हणाले, “तू माका पाठीर घेवन इलंस, तां पण लिवूक सांग साहेबाक.” म्हणून म्हटलं, माणूस वाईट नव्हता.

परवाना राहिला. गावानं शेटना आयुष्यभर ‘नाखवो शेट’ म्हटलं, आणि काही वर्षांनी ते स्वतःही त्यावर हसू लागले. भाऊंना वरून लेखी ताकीद आली. चूक कबूल होती, त्यामुळे भाऊ मुकाट्यानं वाचत होते. तिसऱ्या वाक्याशी मात्र उसळले. टंकणाऱ्यानं ‘नाखवा’चा ‘नाकवा’ केला होता. भाऊंनी लाल शाईनं तो दुरुस्त केला, समासात व्युत्पत्ती लिहिली, आणि ‘ताकीद मान्य, शुद्धलेखन अमान्य’ असा शेरा मारून कागद परत पाठवला. त्यावर काही उत्तर आलं नाही.

पावसाळ्यात बंदर बंद असतं. आषाढ लागला तेव्हा तांडेल भाऊंच्या घरी आला. हातात नारळ नव्हता, मासा नव्हता. बगलेत पाटी होती. “भाऊ,” तो म्हणाला, “कागदार काय लिवला तां दुसऱ्यान वाचल्यार माका कळला. पुन्ना तसा नको. माका लिवूक शिकवा.”

भाऊंनी त्याला ओटीवर बसवलं, आणि चार महिने, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, ते दोघे पाटीवर वाकलेले असत. वहिनी मला सांगत, “शिकवणी कमी आणि गजालीच जास्त.” पण तांडेलाचं अक्षर वळण घेऊ लागलं होतं. दोरीची गाठ मारावी तसं तो एकेक अक्षर आवळून काढी.

दसऱ्यानंतर बंदर उघडलं. तांडेलाला दुसऱ्या एका मालकानं बोलावून गलबत दिलं होतं. तो कचेरीत आला तो धुतलेला सदरा घालून. मी फॉर्म पुढ्यात घेतला. गलबत, मालक, आणि मग तिसरी ओळ. मी सवयीनं अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे सरकवली.

“ऱ्हवांदे ती,” तांडेल म्हणाला. “आज लिवतलंय.”

भाऊ खुर्चीवरून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. दारातले खलाशी आत आले. तांडेलानं टाक घेतला, जीभ दातांत धरली, आणि लिहिलं. लिहून झाल्यावर त्यानं फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

अक्षर खरोखर सुरेख होतं. मी वाचलं आणि भाऊंकडे पाहिलं.

“अरे,” भाऊ म्हणाले, “नाव लिव! तुझा नाव!”

“माझा नाव?” तांडेल गोंधळला. “माझा नाव तुमी शिकवूक नाय, भाऊ. सारंग येता, सुकाणी येता, तांडेल येता, ह्यो येता. नाव अजून येवचा आसा.”

भाऊंनी कपाळावर हात मारला, तशी टोपी मागे सरकून दोन कपटे खाली पडले. “चार महिने!” ते म्हणाले, आणि मग असे हसू लागले की दोऱ्याचा चष्मा कानावरून सुटला. तांडेल हसला, मी हसलो, दारातले सगळे हसले. शेवटी अंगठाच उठवावा लागला, आणि अंगठ्याशेजारी त्याचं नाव मी लिहिलं.

तो फॉर्म मी फाइलला लावला. त्यावर तिसऱ्या ओळीत छापलेलं आहे ‘नाखवा’, आणि त्याच्यापुढे निळ्या शाईत, ठळक, एकही काना-मात्रा न चुकता: नाखवा.